सहा महिन्यांनी दाखवणे

सात नंबर म्हणताच चारुतानं हात वर केला:
हजर.
बाकावरची माणसं हसली. वाईट नाही हसली.
दाराशी बसणारे मगनभाई म्हणाले, आवो बेन,
आणि दार धरून उभे राहिले.
त्या दवाखान्यात तिच्याशी कुणी बोललं असेल तर तेवढंच.

आठ महिन्यांची होती, तेव्हा डॉक्टर दुसरे होते.
हृदयाच्या पडद्याला भोक.
कागदावर काढूनही दाखवलं,
सुबक, चिरलेल्या कैरीसारखं.
मी विचारलं, ऑपरेशन कधी?
ते म्हणाले, जुओ बेन, आवां छोकरां...
आणि पेनाला टोपण लावलं.

आवा.
बडोद्यात आमची तिसरी पिढी,
भाजी, भांडण, उसनवारी सगळं गुजरातीत करते मी,
पण त्या दिवशी कान मराठीच राहिला.
कुंभाराचा आवा ऐकू आला मला,
रात्रभर धुमसलेला,
आणि सकाळी राख सारून
टिचकीनं एकेक मडकं वाजवणारं कुणीतरी:
हे घे. हे राहू दे.

मी कचेरीत सात-बाराचे उतारे करते.
वारस, चतुःसीमा, बोजा.
एकोणीस वर्षांत एवढं कळलं,
माणसं तोंडानं काहीही म्हणतात,
लिहून द्या म्हटलं की पाणी मागतात.
त्यांनीही पाणी मागितलं.
मग लिहिलं: सहा महिन्यांनी दाखवणे.

कान फुटला तेव्हा, असंच असतं ह्यांचं.
सुरसागराच्या कठड्याशी तीनदा बसली तेव्हा, जाड आहे ना.
ओठ जांभळे झाले तेव्हा
मीच आधी विचारलं, जांभळं खाल्लीस का गं?
हे माझ्या नावावर मांडा.

आजच्या नव्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली.
फार वेळ धरली.
फुफ्फुसांवर दाब चढलाय, आता हात लावता येणार नाही.
बेन, इतका उशीर का केलात?

मी फाईल उघडून ठेवली.
तेरा पानं. तेरा वेळा सहा महिने.
शिक्का, तारीख, सही, कुठं खाडाखोड नाही.
म्हटलं, ऑपरेशन राहू द्या,
एक ओळ तेवढी लिहा:
आई आणत होती.

ते पानांकडे बघत राहिले.
चारुताला टोपणं काढायला आवडतात.
तिनं त्यांचं पेन उचललं, टोपण काढलं
आणि त्यांच्यापुढे धरलं.
शाई गळत होती.
बोटांना लागली, ती कुणाला दिसली नाही.
बोटं निळीच होती.