वाटप

घणसोलीच्या कॉलेजात तिसऱ्या मजल्यावर
लॅब तीनशे सात. एसीखाली बादली.
कोपऱ्यात सर्व्हर, एकच, चौसष्ट जीबी मेमरीचा,
आणि हजेरीपटावर पोरं बेचाळीस.
प्रत्येकाला दोन जीबी द्यावेत, असं परिपत्रक.
गुणाकार मला येतो.
प्राचार्यांनाही येत असावा.

तरी देते मी.
वीस जीबीची डिस्क म्हणून लिहून देते
तेव्हा खाली खरी जागा दीडच जीबी गेलेली असते,
बाकी नुसता शब्द.
आमच्या घरात हे नवीन नाही.
आजोबांची भातखाचरं शहरासाठी गेली तेव्हा
साडेबारा टक्के लिहून मिळाले होते;
प्लॉट नेमका कुठे, ते बाबांना एकोणीस वर्षांनी
कुणीतरी नकाशावर बोट ठेवून दाखवलं.
मशीन मात्र मी चार मिनिटांत उभं करते.
नाव, मेमरी, दोन कोअर, नेटवर्क ब्रिजवर.
चालू.

आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं:
बूट करण्याजोगं काही सापडलं नाही.
"मॅडम, माझं मेलं," ओजस घरत ओरडतो.
मेलं नाही रे, जन्मलंच नाही अजून.
आयएसओ कोण जोडणार, तुझा मामा?
जोडतो. पुन्हा चालू.
मग ओळी धावत सुटतात, प्रत्येकीपुढे हिरवा ओके,
डिस्क सापडली, घड्याळ लागलं, पत्ता मिळाला,
आणि सगळं एकदम थांबतं
लॉगिनपाशी.
कर्सर उघडझाप करत राहतो.
तेवढा वेळ पोरगा गप्प असतो.
हजारदा पाहिलं असेल मी हे,
तरी खांद्यावरून वाकून बघतेच.

यादीत एक मशीन आहे, तांडेल-१७.
दोनशे अकरा दिवस न थांबता चालू.
यतीश तांडेल दिवाळ्याहून यायचा,
दुसऱ्या वर्षी सोडलं, जुईनगरला गोदामात लागला म्हणे.
काढून टाकावं म्हणून आत शिरले
तर एकच छोटी स्क्रिप्ट:
रोज पहाटे तीनला खाडीची भरती-ओहोटी मोजायची
आणि एका नंबरवर धाडायची.
नंबराला नाव दिलंय, पप्पा होडी.
आजचा निरोप: भरती ११:४२.
मी दार ओढून घेतलं.

परीक्षेच्या सकाळी सव्वादहाला
बेचाळीस जणांनी एकदम बटण दाबलं.
जो शब्द मी सगळ्यांना दिला होता
तो सगळ्यांनी एकाच मिनिटात वटवायला आणला.
सर्व्हरचा पंखा विमानासारखा सुटला,
पडदे अर्ध्यावर गोठले,
पनवेलहून आलेले परीक्षक
चहात बुडवलेलं बिस्कीट विसरून गेले.
काहीतरी बंद करायला हवं होतं.
माउस तांडेल-१७ वर गेला.
गेला होता, खोटं कशाला बोलू.

मग मी माझं बंद केलं.
आठ जीबी, रात्री सर्टिफिकेटच्या अभ्यासाला घेतलेले,
स्वतःला जरा सढळ हातानेच वाढून घेतले होते.
आणि यतीशच्या मशीनला म्हटलं,
बाबा रे, पाचशे बारा एमबीत राहा.
ते निजलं, उठलं, दोनशे अकराचं शून्य झालं.
कुरकुर न करता राहिलं.
सगळ्यांना पुरलं असं नाही,
पण सर्व्हर खोकत खोकत चालता झाला,
ओजसचा लॉगिन आला,
त्याने पासवर्ड तीनदा चुकवला.

परीक्षकांनी यादीवरून पेन फिरवलं.
"मुलं बेचाळीस, मशिनं त्रेचाळीस कशी?"
"एक वाढीव आहे, सर," मी म्हटलं,
"गावठाणात असतं तसं."
पनवेलचा माणूस, त्याला कळलं.
पुढे काही विचारलं नाही,
चमच्याने बिस्कीट शोधत राहिला.