हातचा

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी
मुख्याध्यापकांनी स्टाफरूमच्या दारावर कागद चिकटवला :
यंदापासून आकडे सगळ्यांचे.
इतिहासाचे, चित्रकलेचे, स्वयंपाकाचे, खेळाचेसुद्धा.
खाली सही,
सहीखालची तारीख चुकलेली.

आम्ही हसलो. मी जरा जास्तच.
मी मेरेरिद, वेल्श भाषा आणि कविता शिकवणारी,
सव्वीस वर्षांत तारखेखेरीज फळ्यावर आकडा न लिहिलेली.
पालकसभेत मी ऐटीत सांगायचे, मला बाई गणित येत नाही.
मला वाचता येत नाही, असं ऐटीत
कुणी सांगताना ऐकलंय का?

नवव्या वर्षी बेरजेत हातचा विसरले होते.
अख्खा तास भिंतीकडे तोंड करून उभी.
भिंतीला एकशे बारा विटा होत्या.
म्हणजे मोजत होतेच की.

पहिला उतरला कॅडवान, इतिहासवाला.
नववीला घेऊन चॅपलमागच्या दफनभूमीत गेला.
ओल्या वह्या, नखांत शेवाळ.
भिंतीलगतची रांग घ्या, म्हणाला, वयं टिपा, सरासरी काढा.
सोळा दगड. सरासरी एकतीस.
पोरं म्हणाली, म्हणजे खाणीच्या काळात
माणसं एकतिशीत मरायची.

इद्वाल बोलत नाही. हजेरीलाही नुसता हात वर करतो.
तो म्हणाला,
एकतिसाव्या वर्षी इथे कुणीच मेलेलं नाही, सर.
सात तान्ही आहेत.
बाकीचे पन्नाशीच्या पुढचे.

कॅडवान हे स्टाफरूममध्ये सांगत होता
आणि त्याचा चहा गार होत होता.

मग बेकाने चित्रकलेच्या तासाला
गावातली छपरं मोजायला लावली.
पाटीच्या दगडाच्या कौलांना आमच्याकडे मापावरून नावं :
चोवीस बाय बारा इंच म्हणजे डचेस,
वीस बाय दहा म्हणजे काउंटेस.
रुंदीच्या दुप्पट लांबी, हे गुणोत्तर सापडायला दोन तास लागले.
ज्यांनी ती कौलं तासली त्यांच्या घरात
एकही डचेस कधी आली नाही,
हे सापडायला एका मुलीला दोन मिनिटं.
श्रीमती पॅरींनी चौघांची पाककृती सत्तावीस जणांना बेतवली
आणि मीठही त्याच हिशेबात वाढवलं.
त्या दिवशी सगळ्या शाळेने पाणी प्यायलं.

राहिले मी.
नोव्हेंबरात तपासनीस येणार होते.
मी रात्र रात्र कवितेच्या मात्रा मोजून पाहिल्या,
मुलांनी जांभया मोजल्या.

त्या बुधवारी काहीच तयार नव्हतं.
सहज विचारलं, चॅपलमध्ये म्हातारे स्तोत्राचा क्रमांक पुकारतात,
तो तुम्हाला कळतो का?
नाही, म्हणाले. ती जुनी मोजणी, बाई.
तुम्ही सांगा ना.

मी खडू घेतला.
अठरा : दोन नऊ.
सतरा : पंधरावर दोन.
एकोणीस : पंधरावर चार.
हात चालत राहिला, आणि माझ्याच पाठीमागे
कुणीतरी हळूच म्हणालं, बाई, हा तर गुणाकार आहे.
माझ्या आईच्या भाषेत,
मी गणित येत नाही म्हणत होते त्याच तोंडात,
इतकी वर्षं.

आणि सोळा? मी विचारलं.
वर्ग गप्प.
मागच्या बाकावरून इद्वालने हात वर केला,
हजेरीसारखा.
पंधरावर एक.

मग त्याने वहीचं पान वळवून दाखवलं.
दफनभूमीतली ती रांग, त्याच्या बारीक अक्षरात.
पंधरा नावं.
सोळाव्या दगडावर नाव नव्हतं.
'मुलगी', एवढंच.
आणि एक तारीख, दोन्ही बाजूंना तीच.

मी फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात
एक लिहिला, लहानसा,
हातचा लिहितात तसा.
घंटा झाली. पुढचा तास भूगोलाचा.
डस्टर मी पर्समध्ये टाकून घेऊन गेले.