स्टेपनी

मडगावला जुन्या गाड्यांच्या यार्डात
केरोबिनबाईंनी मला नेलं, इंजिन ऐकायला.
मी सावर्ड्याचा मेस्त्री, मला पिस्टन कळतात.
बाकीचं त्या बघणार होत्या.

एक काळी व्हॅन होती, मखमली पडदे, चंदेरी खांब.
"लग्नालासुद्धा चालेल," विकणारा म्हणाला.
बाईंनी पर्समधून टेप काढली,
लांबी सोडून रुंदी मोजली.
कुडतरीच्या वाड्यावर चिऱ्यांचे गडगे आहेत दोन्हीकडे,
माणूस जन्मभर अडकतोच,
त्या दिवशी तरी नको.

मागचं दार सात वेळा लावून बघितलं.
आपटलं की नापसंत.
रिव्हर्स घेतला तर एक गाडी गाणं म्हणू लागली.
"ही वायर आधी काप."
एसी हवाच;
बोटीवरचा मुलगा घरी पोचेपर्यंत दुपार होते.

शेवटी एक पांढरी, साधी.
क्लच जरा जड, बाकी ठीक. मी मान हलवली.
त्या वाकून आत चढल्या,
चाकावरच्या उंचवट्यावर बसून राहिल्या
बराच वेळ.

"इथे सीट बसव. एकच."

मी काही विचारलं नव्हतं.
"कायतानला नेलं तेव्हा
मी आमच्याच गाडीत स्टेपनीवर बसून गेले.
वीस वर्षं धंदा केला,
कुणाला विचारलं नाही रे,
मागे कोण बसणार म्हणून."

"मग स्टेपनी कुठे?"
"टपावर."

खाली उतरून त्यांनी स्कर्ट झटकला
आणि विकणाऱ्याला
पाच हजार कमी करायला लावले.