तिसावा किलोमीटर

पहाटे पाचला चर्चची घंटा वाजवायची, हे माझं काम.
सत्तावीस वर्षं झाली. दोर तीनदा बदलला,
घंटा तीच.
खरं सांगायचं तर आताशा ती हातच वाजवतात;
मन मागे कांबळ्यात पडून असतं.

खालून लाल मातीचा रस्ता जातो,
निलगिरीच्या रांगेतून केरिओच्या दरीकडे.
घंटेच्या आधीच त्यावर पावलं असतात,
चाळीस-पन्नास जोड्या. श्वासांची वाफ. कुणी बोलत नाही.
अंधारात मी त्यांना कानांनी ओळखतो:
जेप्कोरीरची हलकी,
मक्याच्या पानावरून पाणी ओघळावं तशी,
आणि याटोरची,
ना घाई ना आळस.

याटोरचा धंदा समजायला मला दोन वर्षं लागली.
तो दुसऱ्यांसाठी पळतो.
परदेशातल्या एखाद्या गारठलेल्या शहरात
सगळ्यांच्या पुढे राहायचं, वारा छातीवर घ्यायचा,
किलोमीटरला तीन मिनिटं,
सेकंद इकडे नाही, तिकडे नाही,
आणि तिसाव्या किलोमीटरला बाजूला व्हायचं.
फीत दुसऱ्याची. फोटोही.

"तीसच पळायचे, तर बेचाळिसांचा सराव कशाला?"
मी एकदा विचारलं.
त्यानं बुटातला खडा झटकला.
"तिसाव्याला जो धापा टाकतोय, गुरुजी,
त्याच्या मागे कोण विश्वासानं येईल?"

सख्ख्या भावाच्या लग्नात हा नऊला झोपला.
चेलागात, त्याची बायको, अजून ते सांगून चिडते.

ऑक्टोबरातल्या त्या रविवारी मी उपासना जरा लवकर उरकली
(देवा, तुला माहीतच आहे)
आणि चेसिरेच्या दुकानात टीव्हीपुढे पोत्यावर जागा धरली.
एकोणतीस. दुकानात चिडीचूप.
तीस.
याटोर डावीकडे सरकला,
हात एकदाच उचलला, पुढच्या मोकळ्या रस्त्याकडे,
जसं कुणी घराचं दार उघडून म्हणावं, या.
कॅमेरा पळणाऱ्यांबरोबर गेला.
आरडाओरडा झाला, साखरेचं पोतं कलंडलं,
कोण जिंकलं ते मला आठवत नाही.
मी पडद्याच्या त्या कोपऱ्याकडे बघत राहिलो
जिथून तो नाहीसा झाला होता.

नदीत उभं राहून दुसऱ्याकडे बोट दाखवणाऱ्या माणसाचा धडा
मी दर नाताळाआधी मुलांना शिकवतो.
बोट कसं धरायचं तेही करून दाखवतो.
त्या बोटामागे एक अख्खा दंड असतो, खांदा असतो,
वर्षानुवर्षांच्या पहाटा असतात,
हे मला किराण्याच्या दुकानात कळलं.

गुरुवारी तो परतला, मुलांना चॉकलेट, मला मफलर.
शुक्रवारी पुन्हा रस्त्यावर.
जाता जाता म्हणाला, सहज, रागानं नव्हे:
"तुमची घंटा रोज निराळ्या वेळी होते, गुरुजी.
कधी पाचला चार कमी, कधी पाच वाजून सात.
आधी मी तिच्यावर घड्याळ लावायचो.
आता सोडलं."

मफलर हातात घेऊन मी किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही.

मी मागत होतो ऊब, खूण, एखादा आवाज,
निदान गुडघ्याला आराम.
मला वाटायचं, विश्वास आधी पेटतो, मग हात हलतात.
त्या पोरानं मला पेटायला सांगितलंच नाही.
वेळेवर ये म्हणाला.

आता पावणेपाचला उठतो.
मन अजून कांबळ्यातच आहे, असू दे;
त्याला ओढून आणण्याइतकी ताकद नाही माझ्यात.
दोर धरून सेकंद-काट्याकडे बघत उभा राहतो.
देव काही बोललेला नाही.
काटा बारावर येतो.
ओढतो.

आज खाली वळणावर
एका मनगटावरचा उजेड क्षणभर वर उचलला गेला,
घंटेशी ताडून पाहावं तसा,
आणि खाली आला.
पाऊल चुकलं नाही.