वीस आकडे

मीटरमध्ये भरायचे वीस आकडे
झिंतले मोठ्याने वाचते, मी दाबते.
चार, सात, शून्य, एक...
"हळू गं," मी म्हणते,
एक बोट चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.
दहा रँडची वीज.
दिवा लागला की आम्ही आधी मीटरकडे बघतो,
मग एकमेकांकडे.

म्झुकिसी मोटारींच्या कारखान्यात दारं बसवायचा.
एकोणीस वर्षं, फक्त डावी दारं.
अजूनही रस्त्यात गाडी थांबली
की वाकून डावीकडचं दार बघतो.
"माझं असेल," म्हणतो.
गाड्या फिरतायत. कारखान्याला कुलूप.

आता सीव्हीची झेरॉक्स, पानाला दोन रँड.
पोलीस ठाण्यात शिक्का फुकट मिळतो,
पण रांगेतच उन्हं कलतात.
'अनुभव' या रकान्यात तो लिहितो : दारं.
मखुसेली हसतो, "बाबा, असं नसतं लिहायचं."
मखुसेलीचा रकाना कोराच आहे.

मंगळवारी बाटल्यांच्या कारखान्यात माणसं घेणार होते.
बापलेक दोघंही निघाले, चालत,
क्वाझाखेलेपासून समोरून वारा खात.
काळे बूट घरात एकच जोडी,
ते पिशवीत. पायात सपाता.

बाप आधी आत गेला.
बाहेर येऊन भिंतीआड बसला, बूट काढले,
पोराने गरम गरमच चढवले.
एक नंबर लहान होतात त्याला.
हे मला कोणी सांगितलं नाही,
रात्री त्याच्या टाचा बघितल्या.

"फोन करू म्हणाले."
"कुणाला?"
दोघं गप्प.
तेव्हा माझ्या लक्षात आलं,
घरात फोन एक,
दोन्ही अर्जांवर नंबर तोच.

त्या दिवसापासून दिवा नाही लावत आम्ही.
उरलेली वीज फोनला.
अंधारात त्याचा हिरवा ठिपका,
आणि चौघं चार कुशींवर जागे.

शुक्रवारी मी पहाटे अमाग्विन्या तळत होते,
शाळेच्या फाटकाशी विकायला. चुलीवर,
पीठ कमी म्हणून जरा लहान लहानच.
फोन वाजला. हात पिठाचे.
झिंतलेने तो माझ्या कानाला धरला.

"म्पोंगो आहेत का?"

आहेत, म्हटलं.
दोघं दारात येऊन उभे राहिलेले,
एकाच्या हातात डावा बूट,
दुसऱ्याच्या हातात फडकं.

"कोणते म्पोंगो हवेत?" मी विचारलं.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज येत राहिला.
तेल तापलं होतं.
झिंतलेने एका हाताने
कढई खाली उतरवली.