रकाना सातवा

सांख्यिकीचं दुसरं वर्ष. खैरनार सरांनी
प्रत्येकाच्या हातात टॉर्च दिला:
‘मलेरिया विभागात माणसं कमी आहेत, जा.’

वडाळा गावात पगारे काका पुढे,
दारावर खडूनं तारीख टाकत;
मी मागे, फॉर्म छातीशी:
पिंप किती, टायर किती, फ्रीजमागचा ट्रे पाहिला का.

शकेरा खालांच्या निळ्या पिंपात उजेड पडताच
स्वल्पविरामांएवढ्या अळ्या
वळवळत तळाशी गेल्या.
‘ओतून टाका,’ मी म्हणाले.
‘नळ परवा येणार. तोवर
तुझं कॉलेज भरेल का गं पाणी?’

रकाना सातवा. पाणी ओतले: होय, नाही.
मधे काही छापलेलंच नाही.

काका वादात पडले नाहीत.
एक जुनी ओढणी मागितली,
रिकाम्या टिपाडाच्या तोंडावर ताणली,
आणि तांब्या तांब्यानं आम्ही गाळत बसलो
दुपार कलेपर्यंत.

त्या दिवशी माझी एकोणीस घरं राहिली.
सातव्या रकान्याशेजारी पेन्सिलीनं लिहिलं: गाळले.
कॉम्प्युटर तो शब्द घेत नाही,
अजून कोरं दाखवतो ते घर,
जिथं निघताना खाला म्हणाल्या,
‘परवा ये. नळाच्या वेळेला.
पिंप घासायला आणखी दोन हात लागतात.’