माप

कात्री घरीच ठेवली होती, आठवणीनं.
तरी खिशातून दोरा तोडायची चिमटी निघालीच.
होटगी रोडच्या विमानतळावर
वर्दीतल्या बाई म्हणाल्या, हे नाही जाणार.
त्यांची बाही अर्धा इंच लांब होती.
मी बोललो नाही. पंचवीस वर्षं गणवेश शिवतोय,
डोळे गप्प बसत नाहीत, तोंड बसतं.

टेप मात्र त्यांनी जाऊ दिली.

आमच्या बोळात विमानात कुणी बसलेलं नाही,
सल्ले मात्र घरटी दोन.
बोद्दूल म्हणाला, कानात कापूस कोंब.
त्याची बायको म्हणाली, झोपेचं औषध दे चमचाभर.
पोरगा म्हणाला, मोबाइल दे की, गप बसते.
मोबाइलला अकरा टक्के होते.
मी खडीसाखर घेतली, एक जुना टॉवेल,
आणि तिच्या आवडीची रिकामी बॉबिनं, सात.

लास्या खिडकीपाशी. पट्टा तिला ढिला,
मी टॉवेलाची घडी घातली पोटाशी,
जसं खांदा पडला की आत कॅनव्हास घालतो.
"मामा, पंखा बाहेर का लावलाय?"
ढगांना उकडतं म्हणून.
"सोलापूरचे ढग?"
हो, सोलापूरचेच.
पटलं तिला. मार्चात कुणालाही पटेल.

चाकं सुटली तशी तिनं माझी कॉलर धरली.
तोंड वासलं, आवाज नाही,
तो एक क्षण असतो, रडं कुठल्या बाजूनं पडेल कळत नाही.
मी खडीसाखर पुढे केली. चोख, चावायची नाही.
ती चोखत राहिली माझ्याकडे बघत,
जणू सगळा दोष माझा, आणि साखरही माझीच.

खाली कारखाना. मी बोलून गेलो,
"इथं चिमणी होती, उंच."
"कुठे गेली?"
विमानाला वाट द्यायला गेली, म्हणालो.
"उडून?"

आता काय सांगणार?
त्या दिवशी आम्ही गच्चीवर होतो सगळे,
ती आधी वाकली, मग धूळ,
मग लोकांनी टाळ्या वाजवल्या, का ते मला अजून कळलं नाही.
हो, म्हणालो. उडून.
"परत येईल?"
मी टेप काढली.

मग आम्ही मोजलं.
खिडकी, नऊ इंच. पुढच्या काकांचं टक्कल,
ते झोपेत होते म्हणून जमलं, साडेबावीस.
बॉबिनांची आगगाडी, ती सीटखाली घरंगळली, पाचच सापडली.
ढग मोजायला तिनं टेप काचेला लावली,
"अठरा!" अठरापर्यंतच येतं तिला.
मग मी तिला मोजलं. खांद्यापासून घोट्यापर्यंत.
दिवाळीला शिवलेला फ्रॉक अंगावर,
तेव्हा खाली तीन बोटं दाब सोडला होता.
दोन बोटं उसवून झाली.
तिच्या आईनं नोकरी धरली तेव्हा म्हणाली होती,
दादा, दोन महिनेच.
बाईमाणसाचा शब्द नव्हे तो, मुंबईच्या भाड्याचा.

उतरताना कान दुखला तिचा. साखर संपलेली.
जांभई दे, म्हणालो. येत नाही म्हणाली.
मग मीच दिली, मोठी, म्हशीसारखी,
ती हसली, आणि हसताहसताच तिलाही आली.
पलीकडच्या बाईंनाही आली. मागच्या रांगेतही.
साखरेपेक्षा ते बरं चाललं.

आणि नेमकी चाकं टेकताना ती झोपली.
टेप मनगटाला तीन वेढे.
माझा हात बधिर, उतरणारे उठलेले,
हवाईसुंदरी म्हणते, सर, चला.
सर! मला आजवर गिऱ्हाइकं टेलर म्हणतात.
मी तिला टॉवेलसकट उचलली.

बाहेर तिची आई उभी असेल.
ती पहिल्यांदा म्हणेल, किती वाढली गं.
मला आकडा माहीत आहे.
सांगणार नाही.
एक बोट दाब अजून शिल्लक आहे, एवढं सांगेन.